मागचं झाकण

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय सेहेचाळीस. दहाव्या वर्षी एका चित्रातून ‘फेरारी एफ४०’ ही गाडी मनात शिरली, ती आजवर निघाली नाही. मासिकं, कात्रणं, लहानमोठी मॉडेल्स यांनी एक कपाट भरलं आहे. तीन महिन्यांपूर्वी बारा वर्षांच्या मुलानं विचारलं, “बाबा, ही आपण कधी घेणार?” तोंडून निघून गेलं, “कधीच नाही.” तेव्हापासून कपाट उघडावंसं वाटत नाही. न मिळणाऱ्या गोष्टीवर छत्तीस वर्षं फुकट घालवली, असं वाटतं. आता दोनच वाटा दिसतात. सगळं देऊन टाकून विषय कायमचा संपवावा, नाहीतर कर्ज काढून एखादी जुनी, आवाक्यातली स्पोर्ट्स कार घ्यावी, म्हणजे निदान काहीतरी हाती लागेल. पत्नीचा विरोध नाही, पण ती गप्प आहे. काय करावं?

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण दुसऱ्या वाचनानंतर एक शंका आली होती आणि ती पडताळून पाहायची होती. ती खरी निघाली. साडेचार पानांच्या पत्रात तुम्ही ही गाडी एकदाही चालवलेली नाही.

कल्पनेतसुद्धा नाही. पत्रात कुठे रस्ता नाही, वळण नाही, गिअर टाकणारा हात नाही. लोक थांबून तुमच्याकडे बघताहेत, असंही कुठे नाही. ताशी ३२४ किलोमीटरचा कमाल वेग तुम्ही एका ओळीत उरकलात. मग आहे काय? मागचं अख्खं झाकण पंखासकट वर उचललेलं आहे आणि तुम्ही वाकून आत बघताय. आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, त्यात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो, ती हवा थंड करणारे, वर बसवलेले इंटरकूलर, कुठली नळी कुठून निघून कुठे जाते. दाराला आतून हँडल नाही, नुसती एक दोरी आहे, ती ओढली की दार उघडतं, यावर तर तुम्ही पूर्ण परिच्छेद लिहिलाय. रंगाचा थर इतका पातळ की खालच्या कार्बन फायबरची वीण दिसते, हे लिहिताना तुमचं अक्षरही बदललं आहे, जरा बारीक आणि नेटकं झालं आहे.

याच्यावर मी एवढी का थांबले, तर तुम्ही दोन गोष्टी एकच धरून चाललाय. ही गाडी तुमच्या मालकीची होणार नाही, हे खरं आहे आणि त्यात मी काही साखर घालणार नाही. पण त्या गाडीकडून तुम्हाला जे हवं होतं तेही मिळणार नाही, हे कुणी ठरवलं? ते काय होतं याची तरी आपण नीट विचारपूस केली आहे का?

त्याआधी दुःखाचं बोलू. “कधीच नाही” म्हटल्यावर जे वाटलं ते खरं आहे. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतोस’ असं कुणी म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. चाळिशी उलटली की आपली कितीतरी ‘कधीतरी’ हळूच ‘कधीच नाही’ होऊन जातात. बहुतेक वेळा आपल्यालाही पत्ता लागत नाही. तुमचं एक मुलासमोर, तुमच्याच आवाजात झालं. ते लागणारच. तीन महिने कपाट बंद राहिलं यात मला विचित्र काही दिसत नाही.

आता ते ‘फुकट गेली’ बघू. एफ४० ही कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून १९८७ साली आली. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत जगासमोर आलेली ती शेवटची गाडी. पुढच्याच वर्षी ते गेले. आधी चारशेच्या आसपास बनवायच्या असं ठरलं होतं, मागणी पाहून शेवटी तेराशेच्या वर झाल्या. हे तुम्हाला माहीत आहे, मी इतर वाचकांसाठी सांगतेय. आणि तेराशे हा या जगात मोठा आकडा आहे. मॅकलॅरन एफ१, ज्यात चालकाची सीट मधोमध आहे आणि इंजिनाच्या कप्प्यात उष्णता परतवायला सोन्याचा वर्ख लावलेला आहे, त्या शर्यतीच्या धरून १०६ बनल्या. टोयोटा २०००जीटी ३५१. फेरारी २५० जीटीओ ३६. मर्सिडीजची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ फक्त दोन.

म्हणजे जगातल्या प्रत्येक श्रीमंत माणसानं ठरवलं तरी या गाड्या पुरणार नाहीत. त्यांच्यावर जीव असलेली माणसं मात्र लाखांनी असतील, आणि त्यातली जवळजवळ सगळी तुमच्यासारखीच आहेत. गाडी नसणं ही तुमच्या वेडातली खोट नाही. या वेडाची नेहमीची अवस्थाच ती आहे. कात्रणं कापणाऱ्या, आकडे पाठ करणाऱ्या, आवाजावरून इंजिन ओळखणाऱ्या या माणसांनीच त्या गाडीला तिचं नाव दिलं. मालकांच्या गॅरेजमध्ये बंद राहून ते झालं नसतं.

आणि मालकी म्हणजे काय, तेही एकदा जवळून बघा. एफ४०मध्ये पेट्रोल साठवायला शर्यतीच्या गाड्यांसारख्या रबरी पिशव्या आहेत. गाडी चालो न चालो, त्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात, कारण रबर जुनं होतं. टायर नुसते उभे राहून कडक होतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषत राहतं. यातल्या बऱ्याच गाड्या आज ठरावीक तापमानाच्या खोलीत झाकून ठेवलेल्या असतात. किलोमीटर वाढले की किंमत उतरते, म्हणून बाहेर निघत नाहीत. मालक राखणदार होतो. सगळेच असे नसतात, काही जण मनापासून चालवतात, त्यांना मी मानते. पण आपण ‘माझी असती तर’ म्हणतो तेव्हा ही राखण डोळ्यांसमोर नसते. हत्ती घेणं वेगळं, पोसणं वेगळं.

माझं सांगते. माझा जीव मर्सिडीज ३०० एसएलवर आहे, १९५४ सालची, वर उघडणाऱ्या दारांची. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मी तिच्याभोवती इतका वेळ घुटमळले की तिच्या वयस्कर मालकांनी विचारलं, “बसायचंय का?” आत शिरायचं म्हणजे आधी स्टिअरिंग खाली मोडायचं, मग हातभर रुंद उंबऱ्यावर बसायचं आणि पाय आत ओढत घसरायचं. हात वर करून दार खाली ओढलं, ते जड आणि नेमका आवाज करत बसलं. काचा खाली होत नाहीत, दोन मिनिटांत आत घाम फुटला. त्यांनी दाखवलं की गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा आहे, मजबुतीसाठी तो बाजूंना उंच ठेवावा लागला, त्यामुळे नेहमीचं दार बसेचना. म्हणून बिजागऱ्या छपरात गेल्या. ज्या दारांवर मी वीस वर्षं भाळले होते, ती सौंदर्यासाठी नव्हतीच. एका अडचणीवर काढलेला तो मार्ग होता.

दहा मिनिटं बसले असेन. उतरताना मला ती गाडी हवीशी वाटत नव्हती आणि प्रेम मात्र वाढलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मालकीशिवाय गाडीशी नातं असलेल्या माणसांपैकी एक नेहमी आठवतात. नॉर्मन ड्यूइस, जॅग्वारचे मुख्य चाचणी चालक. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा दाखवली आणि ती चालवून बघायला इतकी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. कॉव्हेंट्रीत असलेल्या ड्यूइसना दुसरी गाडी घेऊन निघायचा हुकूम झाला. ते रात्रभर गाडी हाकत सकाळी वेळेत जिनिव्हात पोचले. गाडी कंपनीची होती. पण ती रात्र कुणाची होती, हा प्रश्न कागदपत्रांवरून सुटत नाही.

तर मग तुमच्या दोन वाटा. देऊन टाकायचं म्हणता, तर आत्ता नको. रागाच्या भरात रिकामं केलेलं कपाट पुढे डाचत राहतं. सहा महिने जाऊ द्या. नंतरही नको वाटलं तर द्या, पण रद्दीत नको, एखाद्या वेड्या पोराला द्या.

कर्जाच्या वाटेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण अशी पत्रं मला आणखीही येतात. हवी असलेली गाडी मिळत नाही म्हणून तिच्यासारखी दिसणारी, तिच्या जातीतली, जरा स्वस्तात सुटलेली जुनी गाडी घ्यायची. दुधाची तहान ताकावर. अडचण ताकात नाही. ताक पिताना दर घोटाला आपण ‘हे दूध नाही’ म्हणत राहतो, ती खरी अडचण आहे. बिचारी ती गाडी! तिचा काही दोष नसताना ती कायम दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसलेली.

शिवाय जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते, याचा अर्थ तिचे सुटे भागही स्वस्त झाले असा होत नाही. नवी असताना ती ज्या वर्गातली होती, दुरुस्तीचा खर्च त्याच वर्गातला राहतो. तरीही मन तिकडेच ओढत असेल तर एक प्रयोग करा. गाडी घेतली असं समजा. येणारा हप्ता, आणि त्यावर देखभालीसाठी निम्मी रक्कम, दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. वर्षभर, एकही महिना न चुकता. वर्षाअखेर घरात ओढाताण झाली नसेल आणि ती गाडी अजूनही तिच्यासाठी म्हणून हवी असेल, तर तुमच्याकडे पैसेही आहेत आणि उत्तरही. मग घेताना तेच मॉडेल रोज हाताळणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला बरोबर न्या. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. देखभालीची जुनी बिलं बघा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नवे दिसत असले आणि वर्ष जुनं निघालं, तर गाडी बराच काळ उभी होती हे समजा.

पण खरं सांगू का, तुम्ही हे करू नये असं मला वाटतं. पैशांमुळे नाही. तुमच्या पत्रात चालवण्याची तहानच नाही, आणि हा सगळा खर्च चालवण्याचा आहे.

ज्यांच्या पत्रात ती असते त्यांना मी वेगळं सांगते. तुम्ही मनातल्या मनात गिअर बदलत असाल, वळणावर पुढची चाकं कुठे धरतील याचा अंदाज घेत असाल, तर तुम्हाला नाव नको, हलकी गाडी हवी. माझदाची एमएक्स-५ १९८९मध्ये आली आणि २०१६पर्यंत दहा लाखांवर बनली ती याच कारणानं. छोटी, दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, साध्या वेगातही हाताशी बोलणारी. मोठ्या ताकदीच्या गाडीत तो आनंद सुरू व्हायच्या आधीच रस्ता संपतो. किंवा ट्रॅकवर, प्रशिक्षकाबरोबर एक दिवस घ्या. मात्र सही करण्याआधी विम्यात काय धरलंय आणि काय नाही, ते ओळ न ओळ वाचा. रूपाचं वेड असेल तर संग्रहालयं आहेत. श्टुटगार्टला पोर्शे आणि मर्सिडीज दोघांचीही आहेत, मारानेल्लो आणि मोडेनाला फेरारीची. पण फोटो काढण्यात वेळ घालवू नका, वही घेऊन जा आणि एकाच गाडीची एक रेषा काढून बघा. चित्र वाईट येऊ दे. लॅम्बोर्गिनी मियुराच्या मडगार्डचा उतार हातानं काढल्याशिवाय तो कुठे वळतो ते डोळ्यांना समजत नाही. आवाजाचं वेड असेल तर लेक्सस एलएफए माहीत असेलच. तिचं व्ही१० इंजिन इतक्या झटकन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर जायचं की फेऱ्या दाखवणारा खरा काटा मागे पडे, म्हणून पडद्यावरचा काटा लावावा लागला. अशा गाड्या ऐकायच्या तर त्या धावतात तिथे जावं लागतं. इंग्लंडमधल्या गुडवुडचा फेस्टिव्हल ऑफ स्पीड १९९३पासून होतोय, तिथे त्या चढावर पळताना ऐकू येतात. तिथवर जाणं जमत नसेल तर जवळपासच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सकाळी लवकर पोचा, सगळ्या सुरू होऊन आत येत असतात तेव्हा.

तुमचं यातलं काहीच नाही. तुम्हाला आत बघायचंय. कुठली वस्तू का तशी आहे ते समजून घ्यायचंय, आणि मला दाट संशय आहे की तुम्हाला ती हातात घ्यायची आहे. तुम्ही लिहिलंय की दिवसभर तुमचं काम पडद्यावरच्या रकान्यांत चालतं. छत्तीस वर्षांत कधी एखादं इंजिन उघडलंय का? पत्रात तसा उल्लेख नाही. कदाचित गाडी मिळाल्यावर सुरू करू, असं तुम्ही नकळत ठरवून टाकलं असेल.

आता सुरू करा. एक सिलिंडरचं छोटं, बंद पडलेलं इंजिन मिळवा, पंपाचं किंवा गवत कापायच्या यंत्राचं. उघडा. प्रत्येक नट काढण्याआधी फोटो घ्या, काढलेले भाग क्रमानं डब्यांत ठेवा. पिस्टन हातानं वरखाली करताना वॉल्व्ह कधी उघडतात ते बघा. पन्नास मासिकांत वाचलेलं पाच मिनिटांत बोटांत उतरेल. मग भंगारातला एखादा टर्बो आणा. एकाच दांड्यावर दोन चक्रं, एकाला जळून बाहेर पडणारा वायू फिरवतो, दुसरं ताजी हवा इंजिनात कोंबतं. बोटानं फिरवून बघा. दांडा जरासा हलतो, ते बिघडल्यासारखं वाटेल, पण तेलाच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दाम सोडलेली असते. खालच्या फेऱ्यांवर एफ४० गप्प का आणि मग एकदम धक्का का देते, हे त्या चक्राचं वजन बोटाला जाणवलं की कळतं. हात बसला की जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कार्यशाळेत सुट्टीच्या दिवशी मदतीला येऊ का, असं विचारा. झाडू मारायचं काम मिळालं तरी जा. अशा ठिकाणी झाकणं उघडीच असतात.

पत्नीबद्दल एवढंच. त्या गप्प आहेत याचा अर्थ तुम्ही नाराजी असा लावलाय. कदाचित त्यांना कर्जाची भीती वाटत असेल, कदाचित तीन महिने घरात कुणी त्या कपाटाचं नाव काढत नाही हे त्यांना सोसत नसेल. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. विचारा. “गाडी घेऊ का” असं नको, “तुला काय वाटतंय” असं.

आणि मुलगा. पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक गोष्ट लिहिलीत. १:१८च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठरापट लहान मॉडेलचं मागचं झाकण त्याच्या हातून तुटलं होतं, तो पाच वर्षांचा असताना. तेव्हापासून कपाटाला हात लावायची त्याला बंदी आहे. सात वर्षं तो काचेतून बघतोय. तुम्हीही तेच करत होता, फक्त तुमची काच मोठी होती.

“ही आपण कधी घेणार?” या त्याच्या प्रश्नात खरी गाडी होती की कपाटातली, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. बारा वर्षांचं मूल गाडीची किंमत जाणून असतं. पण ‘आपण’ हा शब्द त्यानं वापरलाय. तुमचं उत्तर मागे घेऊ नका, ते खरं होतं आणि त्याला खरं कळलेलं बरं. फक्त ते अर्धंच राहिलंय. “कधीच नाही. पण ती आतून कशी आहे ते मला पाठ आहे, ये दाखवतो,” एवढं त्याला सांगायचं राहिलंय.

ते मॉडेल तुम्ही टाकलेलं नाही, झाकण वेगळं कागदात गुंडाळून ठेवलंय असं लिहिलंत. मग या रविवारी ते काढा. बिजागरीच्या दोन्ही भोकांतला जुना डिंक सुईनं कोरून काढावा लागेल, घाई केली तर भोक मोठं होतं. पिनेसाठी साधी टाचणी चालते, डोकं कापून टोक कानशीनं सपाट करायचं. सुपरग्लू वापरू नका, त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं होऊन बसते आणि मागची जाळीदार काच कायमची जाईल. दोन भागांचं इपॉक्सी घ्या, काडीच्या टोकावर येईल एवढंच, आणि ते फक्त पिनेच्या बाहेरच्या टोकाला, नाहीतर बिजागरी जाम होईल. रात्रभर हात लावायचा नाही. टाचणी कापायचं काम त्याच्याकडे द्या, त्याची बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत.